पुनरुत्थानावर विश्वास बसत नाही, मग आजीच्या वर्षाच्या मिस्सेला वाचन करू की नको?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय हे नक्की होईल. तुम्ही वेंगुर्ल्याकडचे, कॅथलिक घरातले, नोकरीला पुण्यात. गेल्या वर्षी आजी गेली. दफनाच्या वेळी सगळ्यांनी ‘देहाच्या पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे’ असं म्हटलं तेव्हा तुमच्या तोंडून शब्द फुटला नाही. त्यानंतर तुम्ही चारही शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चार चरित्रं, वाचून काढलीत आणि त्यात एकमेकांशी न जुळणाऱ्या गोष्टी सापडल्या. अंधश्रद्धा निर्मूलन समितीत (अंनिस) काम करणारा मित्र म्हणाला, ‘देवचार खोटा, भानामती खोटी, आणि तुमचा तेवढा माणूस मेल्यावर तिसऱ्या दिवशी उठला हे मात्र खरं?’ आता पुढच्या महिन्यात आजीची वर्षाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आहे आणि आईने वाचन तुमच्यावर टाकलंय, तेही बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या पंधराव्या अध्यायातलं. तुम्ही विचारताय, पुरावा आहे का? नसेल तर तिथे उभं राहून वाचणं हा खोटेपणा नाही का? आणि जाता जाता दहनाबद्दलही विचारलंय.

मी वसईची. निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहास शिकवला. आमच्या धर्मग्रामात मोठ्या माणसांना बायबल शिकवायचं काम अजून चालू आहे. लग्न ठरलेली जोडपी असतात, बाप्तिस्मा घेऊ इच्छिणारे असतात, आणि तुमच्यासारखेही असतात, ज्यांच्या लहानपणी पाठ केलेलं आता घशाखाली उतरत नाही. कुणाकडे मयत झालं की प्रार्थनेला जाणाऱ्या गटातही मी असते. मी धर्मगुरू नाही. माझा विश्वास आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझा कल कुठे आहे ते लक्षात ठेवून पुढचं वाचाल.

तुमच्या लिहिण्यात तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. तेव्हा नेमकं काय झालं, हा इतिहासाचा. असं काही होऊच शकतं का, हा त्याच्याही मागचा, आणि त्याचं उत्तर इतिहासाकडे नाही. मी ते शब्द तोंडाने उच्चारू शकतो का, हा तुमचा स्वतःचा. वर्गातली माणसं बहुधा पहिला प्रश्न विचारतात आणि तिसऱ्याने बेजार झालेली असतात. पुरावा हाती लागला की तिसरा आपोआप सुटेल असं त्यांना वाटतं. सुटत नाही. म्हणून तिन्ही वेगळे घेते.

त्याआधी एक. ही शंका वाचनातून आली की आजी गेल्यामुळे, हे मला इथून कळायला मार्ग नाही. तुमचं तुम्हालाच तपासावं लागेल. आजी असतानाही ती ओळ तुम्हाला खटकत होती का? खटकत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे. मातीच्या दिवशीच पहिल्यांदा खटकली असेल, तर एवढ्यात कसलाच कायमचा निर्णय घेऊ नका, विश्वासाच्या बाजूने नाही आणि विरुद्धही नाही. घरात माणूस गेलं की वर्षभर डोकं ठिकाणावर नसतं. हे मी इतक्या घरांत पाहिलंय की आता त्यात वाद घालत नाही.

आता दावा काय आहे तो नीट पाहा, कारण मित्र आणि तुम्ही बहुधा दोन वेगळ्या गोष्टींवर भांडताय. येशूचा पुनर्जन्म झाला असं ख्रिस्ती माणूस म्हणत नाही. येशूने मेल्यावर उठवलेल्या लाजरसारखा तो उठला असंही म्हणत नाही. लाजर उठला तो पुन्हा मरायलाच. शरीर गेलं तरी आत्मा उरतो, हेही इथे पुरेसं नाही. त्या काळच्या बऱ्याच ज्यूंची अपेक्षा होती की शेवटच्या दिवशी देव मृतांना देहासकट उठवेल. परूशी आणि सदूकी हे ज्यूंचे दोन पंथ. परूशी हे मानत, सदूकी मानत नसत, आणि त्यावरून त्यांच्यात जुंपायची. आपल्याच कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचं बघा. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून त्यांचे पूर्वज इथे लागले अशी परंपरा आहे. सिनेगॉगमध्ये रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेत ‘मृतांना जीवन देणारा’ म्हणून देवाची स्तुती आहे, आणि त्या प्रार्थनेला ख्रिस्ती धर्माशी काही देणंघेणं नाही. म्हणजे कल्पना आधीपासून होती. जे सगळ्यांचं शेवटी व्हायचं ते एकाच माणसाचं आत्ताच, मधेच झालं, हा येशूच्या शिष्यांचा दावा नवा होता. ज्यूंना हे अपेक्षित नव्हतं. ग्रीकांना तर हसू आलं. अथेन्समध्ये येशूचा प्रेषित पौल याने हा विषय काढला तेव्हा काहींनी त्याची टर उडवली, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये सरळ लिहिलंय. तेव्हाची माणसं भोळीभाबडी होती, काहीही मानायची, असं मित्र म्हणाला तर त्याला हे सांगा. मेलेला माणूस परत येत नाही हे गालीलच्या कोळ्यालाही पक्कं ठाऊक होतं.

आता इतिहास. सगळ्यात जुना लेखी मजकूर नेमका तोच आहे जो आईने तुमच्या हातात दिलाय. पौलाने करिंथच्या मंडळीला हे पत्र साधारण इसवी सन ५३ ते ५५ च्या दरम्यान लिहिलं. येशूला क्रुसावर दिलं ते ३० किंवा ३३ साली, पिलात हा रोमन सुभेदार असताना. म्हणजे मध्ये वीस-पंचवीस वर्षं. पण तिसऱ्या वचनापासून पौल जे सांगतो ते त्याने स्वतः रचलेलं नाही. ‘मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं’ असं तो म्हणतो, आणि मग एक ठोकळेबाज, पाठ करण्यासारखी यादी येते. ख्रिस्त मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला, केफाला दिसला, मग बाराजणांना, मग एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांना, मग याकोबाला, मग सगळ्या प्रेषितांना, ‘आणि सर्वांत शेवटी मलाही’. केफा म्हणजे पेत्र. गलतीकरांच्या पत्रात पौल सांगतो की त्याचं परिवर्तन झाल्यावर तीन वर्षांनी तो यरुशलेमला जाऊन पेत्राकडे पंधरा दिवस राहिला आणि येशूचा भाऊ याकोब यालाही भेटला. यादीतली दोन नावं त्याने प्रत्यक्ष भेटून ओळखलेली होती. म्हणून ही यादी घटनेनंतरच्या पहिल्या काही वर्षांतली असावी असं बरेच अभ्यासक मानतात, आणि त्यात विश्वास न ठेवणारेही आहेत. पिढ्यान्‌पिढ्या फुगत गेलेली दंतकथा, हे स्पष्टीकरण इथे चालत नाही. तेवढा वेळच मिळालेला नाही.

पण त्या यादीत काय नाही तेही बघा. रिकामी कबर नाही. स्त्रिया नाहीत. त्या दोन्ही गोष्टी शुभवर्तमानांत येतात, आणि तिथेच तुम्हाला विसंगती सापडल्या. तुम्ही काढलेल्या बरोबर आहेत, मी त्या झाकणार नाही. मार्कमध्ये कबरीकडे तीन स्त्रिया जातात, मत्तयमध्ये दोन, लूकमध्ये बऱ्याच, योहानात एकटी मारिया माग्दालेना. मार्कमध्ये आत एक तरुण बसलेला, मत्तयमध्ये एक देवदूत, लूकमध्ये दोन पुरुष, योहानात दोन देवदूत. मत्तयमध्ये शिष्यांना येशू भेटतो गालीलात, लूकमध्ये सगळं यरुशलेमच्या आसपासच घडतं. आणि मार्कचं सगळ्यात जुन्या हस्तलिखितांतलं शुभवर्तमान सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर संपतं. स्त्रिया पळून गेल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या घाबरल्या होत्या. बस. पुढची बारा वचनं नंतर जोडलेली आहेत, आणि आजच्या बहुतेक बायबलमध्ये तशी टीप असते. काही वर्गांत हे सांगितलं की एखादी मावशी चिडते, ‘मग आम्हाला आधी का नाही सांगितलं?’ बरोबर चिडते.

इतिहास शिकवलेली असल्याने माझी या विसंगतींनी झोप उडत नाही. चार साक्षीदारांची जबानी शब्दाला शब्द जुळली तर उलट शंका यावी. पण हा युक्तिवाद आमची माणसं जरा जास्तच ताणतात. तपशिलात फरक असला म्हणून मूळ घटना खरी ठरत नाही, तिला नुसती मुभा मिळते. एक गोष्ट मात्र मला दर वेळी थांबवते. चारांपैकी एकानेही उठण्याचा क्षण लिहिलेला नाही. कबरीतून बाहेर पडणारा येशू आपण पाहतो तो चित्रांत आणि ईस्टरच्या देखाव्यांत. मजकुरात आधी बंद कबर आहे, मग उघडी कबर. मधलं कुणी पाहिलं असं कुणी म्हणत नाही. कथा रचायचीच होती तर ही जागा मोकळी का सोडली असती?

योहानाच्या एकविसाव्या अध्यायावरची आमच्या वर्गातली एक गंमत सांगते. रात्रभर जाळं टाकून हाती काही लागलं नाही, पहाटे किनाऱ्यावर कुणीतरी उभं आहे, तो म्हणतो उजवीकडे टाका, आणि जाळं भरतं. निखाऱ्यांवर मासळी भाजलेली, भाकर तयार. तिथे मासे मोजलेले आहेत, १५३. या आकड्याचा गूढ अर्थ काय यावर शतकानुशतकं विद्वानांनी कागद काळे केलेत. पाचूबंदरकडचे एक म्हातारे कोळी बाबा मला म्हणाले, ‘बाई, मोजणार नाय तर काय करणार? वाटे घालायचे असतात.’ होडीवर सातजण होते, प्रत्येकाचा हिस्सा ठरलेला असणार. यातून काही सिद्ध होत नाही, कसबी लेखकही असा तपशील घालू शकतो. पण तेव्हापासून मी त्या आकड्याचा गूढ अर्थ शिकवायचं सोडून दिलं.

विश्वासाच्या बाजूने केले जाणारे काही युक्तिवाद कच्चे आहेत. ते वापरू नका, मित्र तुम्हाला त्यात पकडेल. पहिला हुतात्म्यांचा. ‘खोट्यासाठी कुणी जीव देतं का?’ आमच्या वसईत तर हा फार चालतो, कारण गोन्सालो गार्सिया आमचा. वसईत जन्मला, ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानात नागासाकीला क्रुसावर मारला गेला, १८६२ साली संत घोषित झाला. त्याच्या मरणाने त्याचा प्रामाणिकपणा सिद्ध होतो. त्याच्याही पंधराशे वर्षं आधी यरुशलेममध्ये काय झालं ते कसं सिद्ध होणार? जीव देणारे प्रत्येक धर्मात आहेत, आणि धर्म न मानणाऱ्यांतही आहेत. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं काय झालं ते तुमच्या मित्राला सांगायला नको. शिष्यांची गोष्ट थोडी वेगळी, कारण ते स्वतः पाहिल्याचा दावा करत होते. पण त्यांच्यातल्याही सगळ्यांच्या मरणाची पक्की नोंद नाही. जब्दीचा मुलगा याकोब मारला गेला हे ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये आहे, येशूचा भाऊ याकोब ६२ साली दगडांनी मारला गेला हे ज्यू इतिहासकार जोसेफस सांगतो, पेत्र आणि पौल रोममध्ये मारले गेले याला जुना आधार आहे. बाकीच्यांच्या बहुतेक परंपरा आहेत.

दुसरा, पाचशे साक्षीदारांचा. आपल्याकडे पाचशे साक्षी नाहीत, पाचशेजण होते असं सांगणारा एक पौल आहे. ‘त्यांतले बहुतेक अजून जिवंत आहेत’ असं तो लिहितो, ही हिंमत मानली पाहिजे. पण नाव एकाचंही नाही. तिसरा, स्त्रियांचा. त्या समाजात स्त्रीच्या साक्षीला किंमत नव्हती, मग रचणाऱ्याने पहिल्या साक्षीदार म्हणून स्त्रिया कशाला घेतल्या असत्या? हा मला तिघांत जड वाटतो. दुसऱ्या शतकात केल्सस नावाच्या टीकाकाराने नेमकं यावरच बोट ठेवलं होतं, की हे पाहिलं कुणी, तर एका भ्रमिष्ट बाईने. लूकमध्येही शिष्यांना स्त्रियांचं बोलणं बडबड वाटतं. तरीही हा युक्तिवाद कबर रिकामी होती इथपर्यंतच नेतो. ती कशाने रिकामी झाली हे तो सांगत नाही.

संशयाच्या बाजूलाही कच्चा माल आहे. येशू क्रुसावर नुसता बेशुद्ध पडला होता हे एकोणिसाव्या शतकात बरंच चाललं. त्याची वाट डेव्हिड स्ट्राऊस या चमत्कार न मानणाऱ्या अभ्यासकानेच लावली. अर्धमेला, रक्तबंबाळ, मलमपट्टीची गरज असलेला माणूस बघून कुणी त्याला मृत्यूवर विजय मिळवणारा म्हणणार नाही, असं त्याचं म्हणणं. शिष्यांनी प्रेत पळवलं, हा आरोप मत्तयनेच नोंदवलाय. पण ज्यांनी पळवलं तेच पुढे त्यासाठी मार खात हिंडले, हे मनाला पटत नाही. क्रुसावर मारलेल्यांना रोमन लोक पुरूच देत नसत, तेव्हा कबरच नसणार, हा आक्षेप बराच वजनदार होता. मग १९६८ साली यरुशलेमजवळ येहोहानान नावाच्या माणसाच्या अस्थी सापडल्या, टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला. तो रीतसर पुरला गेला होता. म्हणजे परवानगी मिळत असे, निदान कधीकधी.

संशयवाद्यांचा सगळ्यात बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मला पुस्तकांआधी मयताच्या घरांत भेटला. नवरा गेल्यावर पंधरा-वीस दिवसांनी बाई हळूच सांगते, ‘काल ते ओट्यावर बसले होते. मी चहा ठेवायला उठले.’ कुणाला खोकल्याचा आवाज येतो, कुणाला विडीचा वास. या बायका वेड्या नसतात, खोटंही बोलत नसतात. दुःखात असं होतं. मग पेत्राला असंच का झालं नसेल? गुरूला तीनदा नाकारून पळालेला माणूस, मनात ओरखडे. त्याला गुरू दिसला. त्याने इतरांना सांगितलं, त्यांनाही दिसला. हे शक्य आहे. पुराव्याच्या जोरावर मी ते खोडू शकत नाही.

पण त्याच घरांतलं दुसरंही सांगते. ‘ते ओट्यावर बसले होते’ म्हणणारी एकही बाई मला ‘म्हणजे ते मेलेच नाहीत’ असं म्हणाली नाही. २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, ती सगळ्यांबरोबर कबरस्तानात फुलं आणि मेणबत्ती घेऊन असतेच. दिसणं तिला मरणाची खात्री पटवतं, की ते गेलेत आणि आपल्याला भेटायला आले. शिष्यांनी उलटाच निष्कर्ष काढला, आणि तो त्यांच्या धर्मातही बसत नव्हता. शिवाय पौल शोकात नव्हता. तो या लोकांना पकडत हिंडत होता. येशूच्या घरचे त्याच्यावर आधी विश्वास ठेवत नव्हते असं योहान सांगतो, आणि तो याकोब पुढे यरुशलेमच्या मंडळीचा म्होरक्या झाला. हे भासाने समजावून सांगता येतं का? ओढूनताणून येतं. मला ते ओढूनताणूनच वाटतं, तुमच्या मित्राला पुनरुत्थान ओढूनताणून वाटेल.

म्हणजे इतिहास इथपर्यंत आणून सोडतो: येशू क्रुसावर मेला, आणि त्याच्या मरणानंतर लवकरच, वेगवेगळ्या माणसांना, त्यातल्या निदान एका वैऱ्याला, तो जिवंत भेटला अशी पक्की खात्री झाली. ही खात्री कशामुळे झाली, ते इतिहासाच्या हद्दीबाहेर आहे.

आता मित्राचा टोमणा. तो रास्त आहे. ‘बाकीचे चमत्कार नाकारता, मग हा का घेता?’ याला चिडून उत्तर देणारे ख्रिस्ती मला आवडत नाहीत. २०१२ साली विलेपार्ल्याजवळ इर्ल्याला क्रुसाच्या पायातून पाणी ठिबकायला लागलं. लोक ते भक्तिभावाने गोळा करू लागले. विवेकवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी जाऊन पाहिलं आणि सांगितलं की तुंबलेल्या गटाराचं पाणी भिंतीतून वर चढतंय. त्यांचं तपासणं योग्य होतं. आपल्या काही मंडळींनी त्यांच्यावर धार्मिक भावना दुखावल्याच्या तक्रारी केल्या आणि त्यांना देश सोडून फिनलंडला जावं लागलं. जो विश्वास गटाराच्या पाण्याच्या तपासणीने दुखावतो त्याचं पुनरुत्थानाशी नातं काय, हे मला अजून कळलेलं नाही. माप एकच ठेवायचं. मी नवस, अंगात येणं, रडणारी मूर्ती यांना जे माप लावते तेच इथे लावते. त्या मापाने पुनरुत्थान सिद्ध होत नाही, आणि गटाराच्या पाण्यासारखं उडूनही जात नाही, कारण तपासायला भिंतच उरलेली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची माणसं आहेत आणि त्यांचे शब्द.

मग मी का मानते? उत्तर वैयक्तिक आहे, पण इतिहास त्यातही आहे. हा विश्वास मरणाच्या भीतीतून जन्मला असं सर्रास म्हटलं जातं. ज्यूंच्या ग्रंथांत तो ठळकपणे येतो कधी? इसवी सनापूर्वी १६७ च्या सुमारास, अँटिओकस राजाच्या छळाच्या काळात. दानीएलाच्या बाराव्या अध्यायात येतो. मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई आपल्या सात मुलांचे हाल होताना पाहते, आणि मुलं मारणाऱ्याला सांगतात की देव आम्हाला परत देह देईल. तिथे प्रश्न न्यायाचा आहे. देवाशी इमान राखणारी माणसं हालहाल होऊन मेली आणि छळणारे मजेत राहिले. देव न्यायी असेल तर हिशोब इथे संपू शकत नाही. येशूचंही तसंच. सरकारने जाहीरपणे, नागडं करून मारलेला माणूस. देवाने त्याला उठवलं याचा अर्थ रोमचा निकाल देवाने फिरवला. मला हे पटतं. अन्याय सोसून गेलेल्यांच्या घरी बसून पटलं. हे पटणं पुराव्यातून आलेलं नाही, हे मी वर्गातही सांगते.

‘देहाचं काय?’ हा प्रश्न आमच्याकडे मुलंच विचारतात. कबरस्तानात जागा कमी, काही वर्षांनी तीच कबर पुन्हा उघडावी लागते, आधीची हाडं काढून बाजूला ठेवली जातात. एका पोराने विचारलं, ‘मग पप्पांचे पप्पा उठणार ते कुठून?’ करिंथच्या लोकांनीही हेच विचारलं होतं, मृत कुठल्या शरीराने येतात म्हणून. पौल चक्क मूर्ख म्हणतो त्यांना, आणि मग दाण्याचं सांगतो. तुम्ही पेरता तो नुसता दाणा, उगवणारं रोप तुम्ही पेरत नाही. आपण भातवाले. तरवा उपटताना मुळाशी पेरलेला दाणा कुणी शोधत नाही. हाडं जुळवून पुन्हा उभं करणं हे पौलाच्या डोक्यातही नव्हतं.

यातच तुमच्या दहनाच्या प्रश्नाचं उत्तर आहे. पुनरुत्थान नाकारण्यासाठी म्हणून केलेलं नसेल तर दहनाला कॅथलिक चर्चची १९६३ पासून परवानगी आहे. पुनरुत्थानाला त्याने अडथळा येत नाही. पण २०१६ च्या सूचनेनुसार रक्षा समुद्रात सोडायची नाही, ती कबरस्तानात किंवा पवित्र जागी ठेवायची. घरात कुणाला वेंगुर्ल्याच्या बंदरावर विसर्जन हवं असेल तर फादर नाही म्हणतील. आधीच बोलून घ्या, ऐनवेळी वाद नको.

आता वाचन. चर्च पुनरुत्थानाला प्रतीक म्हणत नाही, घडलेली गोष्ट म्हणतं. तुमच्या समाधानासाठी मी त्यात पाणी घालणार नाही. पौल तर त्याच अध्यायात म्हणतो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. तेव्हा ‘हे खोटं आहे’ असं तुमचं पूर्ण विचारांती ठरलं असेल, तर वाचू नका. आईला कारणासकट सांगा आणि बहिणीला किंवा मामेभावाला वाचू द्या. मिस्सेला मात्र जा. आजीची मिस्सा आहे.

पण तुमचं लिहिणं वाचून ते ठरलंय असं मला वाटत नाही. ठरलेला माणूस चारही शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून बसत नाही. ‘नाही’ आणि ‘अजून नाही’ यांत फरक आहे, आणि चर्चला दुसऱ्याची सवय आहे. येशूचा शिष्य थोमा याने खिळ्यांच्या खुणा पाहिल्याशिवाय मानणार नाही असं तोंडावर सांगितलं. त्यानंतर आठवडाभर तो त्याच माणसांबरोबर होता. त्याला कुणी बाहेर काढलं नाही आणि तोही निघून गेला नाही. मत्तयच्या शेवटच्या अध्यायात अकराजण डोंगरावर येशूला पाहतात, नमन करतात, ‘पण कित्येकांस संशय वाटला’. त्याच घोळक्याला येशू कामाला पाठवतो. संशय असणाऱ्यांनी मागे थांबा असं तो म्हणत नाही.

वाचणाऱ्याचं कामही समजून घ्या. तिथे तुम्ही स्वतःची साक्ष देत नसता. पौलाने करिंथकरांना लिहिलेलं पत्र तुम्ही लोकांना ऐकवता. तो ‘मलाही दिसला’ म्हणतो, तो ‘मी’ पौल आहे, तुम्ही नव्हे. शेवटी ‘हा प्रभूचा शब्द’ म्हणावं लागतं, तेवढं जड जाईल. ते म्हणवत नसेल तर वाचन घेऊ नका, कारण ते गाळून वाचणं बरं दिसणार नाही आणि आईच्या लक्षात येईल. पुढे सगळे उभे राहून म्हणतात ती ओळ तुम्हाला अजून म्हणवत नसेल तर गप्प राहा. माझ्या वर्गातले काही जण वर्षानुवर्षं त्या ओळीला गप्प असतात आणि दर रविवारी येतात.

हे सगळं फादरांच्या कानावर आठवडाभर आधी घाला. मिस्सेच्या सकाळी, आणि तेही आईसमोर, नको. ‘मला शंका आहेत, तरी वाचू का?’ एवढंच विचारा. बहुतेक फादर हो म्हणतील. एखादे चिडलेच तर तो तुमचा दोष नाही. वाचन कुठून कुठपर्यंत घ्यायचं तेही विचारून ठेवा, कारण अख्खा अध्याय फार मोठा आहे. मिस्सेत एक तुकडाच घेतात, बहुधा विसाव्या वचनापासूनचा, किंवा शेवटचा, ‘अरे मरणा, तुझा विजय कुठे?’ असा. तुम्हाला निवड मिळाली तर तिसऱ्या ते अकराव्या वचनापर्यंतचा भाग मागून बघा, ती जुनी यादी. त्यात शिकवण कमी आणि माणसं जास्त आहेत. घरी दोनदा मोठ्याने वाचून घ्या, ‘केफा’वर अडखळायला होतं. आणि माईक तोंडापासून थोडा लांब धरा.